पुलापलीकडचं गाव

मे महिना लागला की नौपाड्यातली आमची चाळ ओस पडायची. पहिल्या आठवड्यात दोन-तीन कुलपं, दुसऱ्या आठवड्यात अख्खा वरचा मजला. आम्ही दोघं भाऊ सगळ्यांना पोचवायला खोपटच्या एसटी स्टँडवर जायचो. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या, रुमालात बांधलेल्या दशम्या. कुणी गुहागरला, कुणी राजापूरला, कुणी थेट सावंतवाडीला. गाडी हलली की खिडकीतून कुणीतरी हमखास ओरडायचं, "तुम्ही कधी जाणार रे गावाला?"

आम्हाला गाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते ठाणंच होतं. वडिलांचे आजोबा कचेरीत कारकुनी करायला म्हणून ठाण्यात आले आणि मागचं घरदार कधीतरी भाऊबंदांच्या नावावर होऊन गेलं. आणि आईचं माहेर चेंदणी कोळीवाड्यात, स्टेशनच्या पूर्वेला. गोखले रोडनं चालत निघालं, स्टेशनचा पूल चढून पलीकडे उतरलं की आलं मामाचं गाव. वीस मिनिटं. वाटेत भावानं गोळ्यासाठी हट्ट धरला तर अर्धा तास.

आईनं मात्र माहेरी जाण्याची रीत कधी मोडली नाही. दोन पिशव्या भरायची, त्यात पंधरा दिवसांचे कपडे, वहिनीसाठी खण, भाच्यांसाठी बेसनाचे लाडू. निघताना नौपाड्याच्या आजीच्या पाया पडायची. वडील पुलापर्यंत पोचवायला यायचे, पिशव्या हातात द्यायचे आणि "पोचल्यावर कळव" म्हणायचे. कळवणार कसं, हा प्रश्न दोघांनाही पडायचा नाही. फोन दोन्ही घरांत नव्हता. शिवाय ते स्वतः दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना तिकडेच जेवायला येणार असायचे.

नौपाड्यातला मुलगा आणि कोळीवाड्यातली मुलगी हे प्रकरण त्या काळात साधं नव्हतं एवढं मला पुढे कळलं. लहानपणी कळायचं ते इतकंच, की परतीच्या दिवशी आई आम्हाला दोनदा साबण लावून आंघोळ घालायची आणि तरीही नौपाड्याची आजी दारातच नाकाला पदर लावायची.

तो वास जवळ्याचा असायचा. कोळीवाड्याचा उन्हाळा म्हणजे सुकवणीचा उन्हाळा. पाऊस लागायच्या आत वर्षाची बेगमी व्हायला हवी. मामाच्या अंगणात जुनी जाळी अंथरून त्यावर खाडीतला ओला जवळा पसरलेला असायचा. सकाळी तो काचेसारखा, पाणेरी. दुपारपर्यंत त्याला गुलाबी झाक यायची आणि संध्याकाळी हात फिरवला की कोरड्या पाचोळ्यासारखा वाजायचा. आमचं काम कावळे हाकलायचं. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. मजुरी म्हणून चार वाजता ताडगोळे. आजी अंगठ्यानं साल ओढायची आणि आतलं पाणी सांडू न देता अख्खा गोळा आमच्या तोंडात सरकवायची. मी आजवर इतक्या लोकांना ताडगोळा सोलताना पाहिलंय. पाणी न सांडणारा अंगठा दुसरा पाहिला नाही.

मग मसाला. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्या पत्र्यावर कडकडीत वाळवायच्या, धणे, हळकुंडं, दगडफूल, नागकेशर भाजून तयार ठेवायचं आणि एक दिवस ठरवून गल्लीतल्या बायका उखळाभोवती बसायच्या. दोघी समोरासमोर, मुसळं आळीपाळीनं. एकीचं वर, एकीचं खाली, मध्ये बोलणं चालूच. अख्खी गल्ली शिंकायची. त्या दिवशी पोरांना घराबाहेर हाकलायचे, आणि घराबाहेर म्हणजे खाडीवर.

ओहोटीला मीठबंदराच्या बाजूला चिखल उघडा पडायचा आणि त्यावर निवट्या नाचायच्या. पाण्याबाहेर उड्या मारणारा मासा ज्यानं पाहिला नाही त्याला हे सांगून पटत नाही. बोटभर लांब, चिखलाच्याच रंगाचा, डोळे डोक्यावर बेडकासारखे वर आलेले. पुढच्या दोन परांवर कोपरं टेकल्यासारखा सरकत सरकत येतो, पाठीवरचा पंखा उघडतो, मिटतो, आणि तुमची सावली पडली की गडप. मामेभाऊ भोकात हात घालून निवटी काढायचा. मी आयुष्यात एकही धरली नाही. नौपाड्याचं रक्त, असं मामा म्हणायचा.

या सगळ्याच्या मधोमध रेल्वे. शाळेत दरवर्षी तोंडपाठ करावं लागायचं: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. तेव्हा ती सनावळी होती. खूप उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भर एप्रिलच्या दुपारी चारशे माणसं नटूनथटून मुंबईहून निघाली ती ठाण्याला, म्हणजे देशातली पहिली प्रवासी आगगाडी ही एक उन्हाळी सहलच होती आणि सहलीचं ठिकाण आमचं गाव! आजीच्या लेखी मात्र त्या गाडीचं कौतुक शून्य. रुळांनी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले, थोडी घरं पश्चिमेला राहिली, थोडी पूर्वेला. "अर्धा गाव तिकरं, अर्धा इकरं," एवढंच ती म्हणायची. मला वाटायचं, बरं झालं. रूळ नसते तर पूल नसता, आणि पूल नसता तर आम्हाला मामाच्या गावाला जाताना काहीच ओलांडावं लागलं नसतं.

संध्याकाळी सगळी वरात पुन्हा पूल चढून पश्चिमेला यायची, तलावपाळीवर. बाहेरच्यांना सांगायला त्याचं नाव मासुंदा तलाव, पण ठाणेकर तलावपाळीच म्हणतो. काठाकाठानं गोळेवाले, भेळवाले, मक्याची कणसं. गोळ्याचा रंग कुणाचा जिभेवर जास्त चढलाय याची स्पर्धा. पाय दुखले की कोपिनेश्वराच्या सभामंडपात जाऊन बसायचं. सध्याचं देऊळ पेशवाईतलं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० साली बांधलेलं. पण आम्हा पोरांना देवापेक्षा फरशीचं कौतुक. बाहेर मे महिना पेटलेला असताना त्या फरशीवर अनवाणी पाय टेकवले की गारवा पोटरीपर्यंत चढायचा. आजही देवळात शिरताना माझे हात नंतर जोडले जातात, आधी तळवे फरशी शोधतात.

आणि गडकरी रंगायतन. ते १९७८ चं, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचं. सुट्टीत तिथं बालनाट्यं लागायची. राक्षस, चेटकीण, विदूषक आणि शेवटी राजकन्येचं लग्न. कथा मला एकही आठवत नाही, मध्यंतरातला बटाटवडा आठवतो, आणि पहिल्या रांगेतल्या एका पोरानं राक्षसाला "अरे, तुझी मिशी पडली!" असं ओरडून सांगितलं ते आठवतं. राक्षस थांबला, मिशी उचलली, "आभारी आहे" म्हणाला आणि पुन्हा डरकाळी फोडली. नाटक म्हणजे काय ते मला त्या मिशीनं शिकवलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी मुलगी. अकरा वर्षांची आहे. यंदा शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी तिनं जाहीर केलं की वर्गातले सगळे कुठे ना कुठे चाललेत. एक मनालीला, एक बालीला, एक दुबईच्या मावशीकडे. "आणि आपण?" तिनं विचारलं. खोपटच्या स्टँडवरची ती एसटीची खिडकी चाळीस वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. ऑफिसातही तेच. सुट्टीचा बेत काय, असं विचारणाऱ्याला मी "ठाणे" म्हटलं की लोक कीव येऊन विषय बदलतात. ठाण्यातच राहणारे लोकसुद्धा.

मग आम्ही ठरवलं, ठाण्याला जायचं. पिशव्या भरून.

पहिला दिवस जांभळी नाक्याचा. बाजारात गाड्यांवर हापूस असतोच, गावदेवी मैदानात आंबा महोत्सवही भरतो, कोकणातले बागायतदार पेट्या घेऊन थेट येतात. पण मला मुलीला दाखवायच्या होत्या त्या रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बाया. येऊरच्या जंगलातल्या पाड्यांवरून, मुरबाड-शहापूरकडून पहाटेच निघून आलेल्या. समोर ओल्या फडक्यावर रानमेवा मांडलेला: करवंदं, तोरणं, रायवळ आंबे, आळू, लोणच्याची भोकरं. जून तोंडावर आला की जांभळं. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पाटीवाल्या बाईला त्याचं काय? ती विचारते, "किती वाटे?" पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात मूठभर करवंदं, वर दोन दाणे जास्तीचे. मुलीनं एक करवंद दाताखाली फोडलं, आतलं पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडा!" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ तिला कुणी शिकवला विचारलं तर आजीनं, म्हणजे माझ्या आईनं. मला वाटलं होतं ठाणं दाखवायला मी तिला घेऊन निघालोय.

त्याच नाक्यावर, तलावाकाठी, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथून जाताना मला नेहमी एक पाहुणा आठवतो. जॉर्डनस नावाचा युरोपातला ख्रिस्ती साधू १३२१ साली ठाण्यात येऊन पोचला. बरोबरच्या चौघांना इथं मारलं गेलं, तो त्या वेळी गावाबाहेर होता म्हणून वाचला. इतकं सोसलेल्या माणसानं आपल्या मुलखाबद्दल काय लिहून ठेवावं? फणसाबद्दल त्यानं लिहिलंय की एक फळ पाच जणांना पुरतं. आणि आंब्याबद्दल लिहिलंय की त्याची गोडी शब्दांत सांगता येणं अशक्य. 'अनिबा' असं त्यानं आंब्याचं नाव लिहिलं. पोर्तुगीज यायच्या दीडपावणेदोनशे वर्षं आधीची गोष्ट, म्हणजे कलमी हापूस नव्हताच. त्यानं खाल्ला असेल तो रायवळ, चोखून, मनगटावर रस ओघळवत. हे मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पाच जणांना? मामाआजोबा एकटे खातात."

मिसळ आणि वडापाव यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. मामलेदारची मिसळ मे महिन्यात दुपारी खाणं हे शौर्य आहे की मूर्खपणा यावर आमच्या घरात दोन तट आहेत, आणि गजाननच्या पिवळ्या चटणीवर वाद घालायचा तर लेख पुरणार नाही.

येऊरला मात्र गेलोच. पहाटे सहाला, कारण आठनंतर तिथं नुसतं ऊन असतं आणि रविवारी नुसत्या गाड्या. मे महिन्यातलं येऊर लोकांना भकास वाटतं. साग निष्पर्ण, नाले कोरडे, पाचोळा गुडघाभर. मला ते तसंच आवडतं, कारण झाडाआड काही लपत नाही. काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या प्राणीगणनेला मी पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. उन्हाळ्यात जंगलात पाणी मोजक्या जागी उरतं, रात्री चांदणं असतं, तेव्हा येईल त्याला मोजायचं असा साधा हिशोब. बारा तासांत माझ्या कागदावर आलं ते असं: रानडुकरं चार, सांबर एक, ससा एक. बिबट्याच्या रकान्यात शून्य. डासांना रकाना नव्हता. पण रात्रभर रातवा पक्ष्याचा तो आवाज, गोठलेल्या तळ्यावर खडा टप्पे खात जावा तसा असतो म्हणतात. आपल्याकडे कुठलं तळं गोठायला? मला तो कॅरमच्या सोंगट्या आपटल्यासारखा वाटला. आणि मागे, डोंगराच्या कडेवरून, घोडबंदर रोडवरच्या इमारतींचे दिवे. जंगलात बसून शहर दिसावं, शहरात बसून जंगल, एवढं कुठल्या गावाला आहे?

आता फजितीची गोष्ट. मुलीला रोहित पाहायचे होते, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, ऐरोलीहून बोटीनं आत जाता येतं, हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. रविवारी डबा घेऊन, दुर्बीण घेऊन, टोप्या घालून अकरा वाजता आम्ही धक्क्यावर हजर. समोर खाडी होती, पण खाडीत पाणी नव्हतं. लांबवर चिखल, त्या चिखलापलीकडे क्षितिजावर एक अस्पष्ट गुलाबी रेघ. आजची फेरी सकाळी लवकरच होऊन गेली होती. भरती असल्याशिवाय बोट हलत नाही आणि भरतीचं वेळापत्रक आधी बघायचं असतं, इतकी साधी गोष्ट खाडीच्या काठावर जन्मलेल्या माणसाला कळू नये?

घरी आलो तर आई मटार सोलत बसली होती. "झालं बघून?" मी काय झालं ते सांगितलं. तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नुसतं पाहिलं आणि हसायलाच लागली. "अरे, आज अष्टमी. अष्टमीला भर दुपारी पाणी कुठून येईल?"

तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. हा हिशोब तिला तिच्या आईनं शिकवलेला, शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. सकाळीही तेच, रात्रीही तेच, आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. समुद्रावर ही वेळ. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा उशीर. पुनवेला-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. "माझा भाऊ या गणितावर होडी काढायचा," आई म्हणाली, "आणि तू मोबाईल घेऊन फिरतोस."

द्वितीयेला पुन्हा गेलो. या वेळी आधी चौकशी करून आणि आईला बरोबर घेऊन. बाराच्या उन्हात बोट निघाली. दोन्ही बाजूंना तिवरं, मध्ये गढूळ पाणी. पाणी चढत जातं तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि विखुरलेले पक्षी त्या पट्ट्यावर दाटीनं गोळा होतात. आम्ही जवळ पोचलो तेव्हा ते खाण्यात होते, शेकड्यांनी, माना खाली, चोच उलटी करून पाणी गाळत. सगळ्यांच्या चोचींचा मिळून एक बारीक, सततचा चुळुकचुळुक आवाज येत होता. मग कशानं तरी एक कोपरा दचकला. आधी लांब माना ताठ झाल्या, मग पाण्यावर पाच-सात पावलं धावत अख्खा थवा उठला आणि तोवर फिकट दिसणाऱ्या पंखांच्या आतला रंग एकदम उघडा पडला, पिकल्या जामासारखा, कडेला काळी किनार. मुलगी ओरडायचंसुद्धा विसरली.

आई मात्र पक्ष्यांकडे बघत नव्हती. ती पाणी बघत होती. "इथं जाळी लागायची," ती म्हणाली. "इथून तिथवर."

संध्याकाळी मामाकडे विषय निघाला. मामा आता पंच्याहत्तरीचा, होडी केव्हाच विकलेली. जाणकार सांगतात की रोहित इथं येतात ते शेवाळासाठी, आणि शेवाळ इतकं माजतं ते आपण खाडीत सोडतो त्या सांडपाण्यावर. मी हे मोठ्या उत्साहानं मामाला सांगितलं. बोलून झाल्यावर लक्षात आलं की कुणाला सांगतोय. ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात कारखाने आले तसतसं खाडीतलं म्हावरं आटत गेलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. मामानं पानाला चुना लावला, पान तोंडात ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे आमचं म्हावरं ज्यानं गेलं, त्यानंच तुमचे पाहुणे आले." तक्रारीचा सूर नव्हता. वेळापत्रक वाचावं तसं म्हणाला.

मामीनं निघताना नवा मसाला दिला. हल्ली तो गिरणीत दळून आणतात, पण मिरच्या अजून अंगणातच वाळतात. बरणीत वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं, वर दोरा. बरणी मुलीनं छातीशी धरली. आई पूल चढताना मध्ये दोनदा थांबली. पहिल्यांदा दम लागला म्हणून, दुसऱ्यांदा कारण माहीत नाही. खाली एक लांब पल्ल्याची गाडी उभी होती, कोकणातली असावी, दारादारांत पेट्या आणि घामेजलेली माणसं. एका खिडकीतून एक लहान मुलगा वर पुलाकडे बघत होता. मुलीनं त्याला हात केला.

घरी पोचल्यावर तिनं बरणी ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि स्टूल ओढून कालनिर्णयसमोर उभी राहिली. ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"आजी, गुरुवारी पंचमी. पावणेचारला ना?"

"खाडीत चार धर," आई आतून म्हणाली. "आणि तीनला निघा. आणि बापाला टोपी दे."